एकटाच उडवतो, मग संघटनेची वर्गणी कशाला?

गेल्या अंकात एका नवशिक्याला मी लिहिलं होतं की आरसी विमान (रिमोटवर उडणारं मॉडेल) नंतर घे, आधी क्लबची आणि देशपातळीवरच्या संघटनेची वर्गणी भर. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी फुगलेल्या लिपो बॅटरीचं काय करायचं या उत्तरालाही आली नव्हती, आणि त्यातली निम्मी तरी चिडलेली आहेत. म्हणून यावेळी सर्व्हो, प्रॉप, सीजी असलं तांत्रिक सगळं बाजूला ठेवून फक्त हाच विषय घेतोय. पत्रं थोडी कापलीत, मजकूर तुमचाच आहे.

सर, मी बरीच वर्षं आरसी उडवतोय. सिम्युलेटरवर आणि व्हिडिओ बघून शिकलो, कुणी शिकवलं नाही. लांब एक मोकळं माळरान आहे, पहाटे जातो, दोन-तीन बॅटरी पॅक संपवतो आणि घरी. माझा कुणाला त्रास नाही आणि मला कुणाचा नाही. क्लबचे नियम नकोत, रविवारची गर्दी नको. मग दरवर्षी पैसे का भरू? — एकांडा शिलेदार

शिलेदार, क्लब नको असेल तर खरंच नका जाऊ, माझा आग्रह नाही. वारा पडलेला असताना पहाटे एकट्याने उडवण्यात काय मजा असते ते मला माहितीये. पण क्लब वेगळा आणि संघटना वेगळी. क्लब म्हणजे रनवे, पिट्स (विमानं जोडायची-तपासायची जागा), गवत कापायच्या पाळ्या आणि कोण कुठल्या बाजूने लँड करणार यावरून होणारी तोंडातोंडी. संघटना म्हणजे तुमच्या वतीने विमान वाहतूक खात्यासमोर जाऊन बसणारी माणसं. पहिल्याची गरज तुम्हाला नसेल, दुसऱ्याची आहे, आणि खरं सांगायचं तर ती सोय तुम्ही आजही वापरताय, फक्त खर्च दुसरे करतायत.

कसं ते सांगतो, थोडं लांबेल.

माळरान कुणाचंही असो, त्याच्या वरची हवा विमान वाहतूक खात्याच्या ताब्यात असते, आणि कायद्याच्या नजरेत तुमचा बाल्सा लाकडाचा ट्रेनर (शिकायचं मॉडेल) हेसुद्धा एक विमानच असतं, फक्त आत कोणी बसलेलं नसतं एवढंच. आता खात्यापुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे प्रत्येक माणसासाठी सगळं स्वतः ठरवायचं, वजन किती, उंची किती, परीक्षा कुठली, विमानावर कुठलं यंत्र लावायचं. दुसरा म्हणजे असं म्हणायचं की या लोकांची एक संघटना आहे, तिची स्वतःची सुरक्षेची नियमावली आहे, आणि वर्षानुवर्षं ते त्यानुसार नीट उडवतायत तर त्यांना त्यांच्या पद्धतीने उडवू द्या. आपला छंद या दुसऱ्या रस्त्यावर जगतो. आणि तो रस्ता उघडा राहायचा तर समोर कुणीतरी संघटना असावीच लागते, कारण खातं माळरानावरच्या एका माणसाशी करार करत नाही.

अमेरिकेतली गोष्ट घ्या, तिथे हे सगळं कागदोपत्री उघड झालं म्हणून ती समजायला सोपी आहे. तिथली अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स, म्हणजे एएमए, १९३६ ची. २०१२ साली तिथल्या संसदेने विमान वाहतूक कायद्यात एक कलम घातलं, कलम ३३६. त्याचा अर्थ साधारण असा की जो कोणी निव्वळ हौसेसाठी, देशव्यापी संघटनेच्या सुरक्षा नियमावलीनुसार, ५५ पौंडांच्या आत म्हणजे साधारण २५ किलोपर्यंतचं मॉडेल उडवतो त्याच्या मॉडेलसाठी एफएए ने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याने, नवे नियम करायचे नाहीत. लक्षात घ्या, अट काय होती, तर संघटनेची नियमावली. ती नसती तर सूट द्यायला कारणच नव्हतं.

मग ड्रोन आले. डब्यातून काढा, बॅटरी लावा, उडवा. घेणाऱ्याला क्लब माहीत नाही, विमानतळाची हद्द माहीत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये एफएए ने २५० ग्रॅमच्या वरच्या सगळ्यांना नोंदणी सक्तीची केली, त्यात आपल्यासारखे मॉडेलवालेही आले. आणि इथे तुमच्यासारखाच एक शिलेदार उभा राहिला बरं का. एक हौशी उडवणारा एकटा कोर्टात गेला, म्हणाला कलम ३३६ असताना हा नियम करताच येत नाही, आणि मे २०१७ मध्ये चक्क जिंकला! नोंदणी रद्द. मला त्या माणसाबद्दल आदरच आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने संरक्षण खर्चाच्या भल्यामोठ्या कायद्यात एक तरतूद घालून नोंदणी परत आणली. संपलं. कोर्टात एकटा माणूस जिंकू शकतो, पण कायदा बदलणाऱ्यांच्या दारात पुन्हापुन्हा जाऊन बसणं हे एकट्याच्या आवाक्यातलं नाही. त्याला ऑफिस लागतं, वकील लागतात, आणि 'आमचे इतके सभासद आहेत' असं म्हणता यावं लागतं.

२०१८ मध्ये ते कलम ३३६ सुद्धा गेलं. हो, एएमए असताना गेलं, ते मी लपवत नाही. पण त्याजागी जे आलं त्यातही संघटनेची नियमावली ही अट राहिली आणि हौशी लोकांसाठीचा वेगळा रस्ता शिल्लक राहिला, ४०० फुटांची मर्यादा आणि एक छोटी परीक्षा वाढली ती वाढली. पुढची लढाई रिमोट आयडीची. रिमोट आयडी म्हणजे तुमचं विमान उडताना स्वतःची ओळख आणि जागा सतत रेडिओवर सांगत राहणार, शिवाय तुम्ही कुठून उडवताय तेही. २०१९ च्या डिसेंबरअखेर जो मसुदा आला त्यात ही माहिती इंटरनेटवरूनही पाठवायची सक्ती होती, आणि ज्या ठरलेल्या फील्डवर या यंत्राशिवाय उडवता येईल त्या फील्डसाठी अर्ज करायला फक्त १२ महिन्यांची खिडकी ठेवली होती, त्यानंतर नवीन फील्ड मिळणार नाही. म्हणजे बघा, एखाद्या क्लबची जागा गेली की ती कायमची गेली, आणि हळूहळू यादी आपोआप शून्याकडे. त्या मसुद्यावर ५०,००० च्या वर लोकांनी हरकती आणि सूचना पाठवल्या. जानेवारी २०२१ मध्ये अंतिम नियम छापून आला तेव्हा इंटरनेटची सक्ती गेली होती, १२ महिन्यांची मुदत गेली होती, आणि शाळा-कॉलेजांनाही अशा फील्डसाठी अर्ज करता येईल असं झालं होतं. हे सगळं एकट्या एएमएमुळे झालं असं मी म्हणणार नाही, हरकती घेणारे बरेच होते. पण हजारो हौशी माणसांना मसुदा सोप्या भाषेत समजावून वेळेत लिहायला लावणं हे काम आपोआप होत नाही.

आता गंमत ऐका. त्या देशात संघटनेच्या नियमावलीचा फायदा घ्यायला सभासद असावंच लागतं असंही नाही, नियमावली पाळली की झालं. म्हणजे तुमच्यासारखा तिथला शिलेदार फुकटात उडवू शकतो. कायद्याने काहीच चूक नाही. फक्त ती नियमावली लिहिणारी, दर काही वर्षांनी सुधारणारी, ती घेऊन खात्यात फेऱ्या मारणारी माणसं सभासदांच्या पैशावर चालतात. आणि 'तुमचे सभासद किती?' हा प्रश्न तिकडे पहिल्या पाच मिनिटांत विचारला जातो, त्यात तुम्ही मोजले जात नाही.

नमस्कार दादा. आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात की संघटनेची मेंबरशिप म्हणजे दुसऱ्या नावाने इन्शुरन्स. माझं विमान कधी कुणावर पडलं नाही, मी काळजीने उडवतो. मग इन्शुरन्स तरी कशाला? — काळजीवाला

काळजीवाल्यांचीच विमानं पडतात हो, कारण बेफिकीर लोकांची पहिल्याच महिन्यात मोडतात आणि ते दुसऱ्या छंदाकडे वळतात.

जोक सोडा. ५ किलोचं विमान ताशी १२० किलोमीटरने येतंय समजा. त्यातली ऊर्जा साधारण २,८०० जूल भरते, म्हणजे तेच ५ किलो वजन ५६-५७ मीटरवरून, एखाद्या अठरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली सोडल्यासारखं. आणि पुढे फिरणारा प्रॉप, म्हणजे पंखा, आहे तो वेगळाच. तुम्ही कितीही काळजी घ्या, रिसीव्हरची एक वायर सैल झाली, एलिव्हेटरचा सर्व्हो (शेपटीची वर-खाली पट्टी हलवणारी छोटी मोटर) एका टोकाला जाऊन अडकला, रिसीव्हरला वीज देणाऱ्या बीईसीने मान टाकली, तर त्या क्षणी तुमची काळजी काही करू शकत नाही. फेलसेफ (सिग्नल तुटला तर विमानाने काय करायचं ती सेटिंग) लावलाय का, रेंज चेक केलाय का, हे सगळं करूनसुद्धा थोडं उरतंच.

आणि घराची जी पॉलिसी असते तिच्यावर विसंबू नका, ती उघडून वाचा, कारण बऱ्याच पॉलिसीत विमान हा प्रकारच वगळलेला असतो आणि मॉडेल त्यात धरायचं का नाही यावर कंपनी वाद घालते, तोही नेमका अपघात झाल्यावर. संघटनेचा विमा याच कामासाठी बनलेला असतो. एएमएचा २५ लाख डॉलरपर्यंतचा आहे, पण तिथेही घराची पॉलिसी असेल तर ती आधी आणि हा नंतर, शिवाय सुरक्षेचे नियम पाळलेले असायला हवेत. म्हणून जिथे सभासद व्हाल तिथल्या विम्याच्या अटी वाचाच, नुसतं कार्ड पाकिटात ठेवून उपयोग नाही.

पण तुमचा ग्रुप एक गोष्ट विसरतोय. विमा उडवणाऱ्यापेक्षाही जागा देणाऱ्याला लागतो. शेतमालक असो, कॉलेज असो, नगरपालिका असो, जमीन द्यायला तयार झालेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की उद्या काही झालं तर माझ्यावर येणार नाही ना. संघटनेशी जोडलेला क्लब असला की त्याला कागद दाखवता येतो, बऱ्याच ठिकाणी जमीनमालकाचं नावही त्याच विम्यात घालता येतं. नाही तर तुम्ही कितीही गोड बोला, तो म्हणणार बघू नंतर, आणि तो नंतर कधी येत नाही. फील्ड मिळवून देणारी गोष्ट म्हणून मेंबरशिपकडे बघा, मग तो इन्शुरन्स महाग वाटणार नाही.

सर, स्पष्टच लिहितो, राग मानू नका. मी मेंबर होतो. कमिटीत तीच माणसं वर्षानुवर्षं. नायट्रो इंजिनवाल्यांना मान, आम्ही फोमी (फोमची विमानं) आणि एफपीव्हीवाले (विमानावरच्या कॅमेऱ्यातून बघून उडवणारे) म्हणजे कचरा. क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) काढला की तोंड वाकडं. नवीन काही सुचवलं की 'आमच्याकडे असं चालत नाही'. असल्या लोकांना मी का पोसू? — पुन्हा येणार नाही

राग कसला, हे पत्र मी नावाची जागा कोरी ठेवून अर्ध्या जगातल्या क्लबांना पाठवू शकतो.

तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. कमिट्या म्हाताऱ्या होतात, आणि माणसांच्या वयापेक्षा त्यांच्या खुर्चीचं वय जास्त त्रास देतं. इंजिनच्या आवाजावर वाढलेल्या माणसाला इलेक्ट्रिक म्हणजे खेळणं वाटतं. त्याने स्वतः महिनाभर बसून पंखाच्या रिब्ज कापल्यात, तुम्ही डब्यातून काढून संध्याकाळी मेडन, म्हणजे पहिलं उड्डाण, करता, त्याला ते बघवत नाही. समजू शकतो, पण हे बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, आणि नवीन पोरांना तोंड वाकडं करून हाकलणारा क्लब स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्यांच्या तोंडावर सांगायला मी तयार आहे.

शिवाय कायद्यासाठी ही भांडणं अस्तित्वातच नाहीत. अमेरिकेचा कायदा घ्या, युरोपचा घ्या, तुमचा क्वाड आणि त्यांचा दीड मीटरचा स्केल वॉरबर्ड (खऱ्या लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती) दोन्ही एकाच व्याख्येत बसतात, मानवरहित विमान. नियम आला की दोघांवर येतो. एफएआयने सुद्धा, म्हणजे १९०५ पासून हवाई खेळांचं जे जागतिक मंडळ आहे त्यांनी, आपल्या मॉडेलच्या वर्गवारीत फ्री फ्लाइट, कंट्रोल लाइन, आरसी, स्केल, इलेक्ट्रिक यांच्याबरोबर ड्रोन स्पोर्टला एफ९ म्हणून जागा दिलीये. जागतिक मंडळाला चालतं तर तुमच्या पिट्समध्ये चालायला काय हरकत आहे.

आता उपाय. तुमच्या क्लबच्या वार्षिक सभेला किती जण येतात ते आठवा. बहुतेक ठिकाणी कोरम भरायची मारामार असते आणि मग जी मूठभर माणसं आली तीच एकमेकांना निवडून देतात. याचा दुसरा अर्थ असा की तुमच्यासारखे पाच-सहा जण ठरवून गेले, एकाने सेक्रेटरीची जागा मागितली (जी कुणालाच नको असते, कारण त्यात काम असतं), दोघांनी एफपीव्हीसाठी वेगळी वेळ आणि फील्डचा एक कोपरा लेखी ठरावात मागितला, स्पॉटर (पायलटशेजारी उभा राहून विमानावर नजर ठेवणारा) कुठे उभा राहील ते नकाशावर काढून नेलं, तर नाही म्हणणं अवघड जातं. तोंडी सुचवलेलं हवेत जातं, लेखी ठरावावर मत घ्यावं लागतं.

एवढं करूनही नाहीच जमलं तर क्लब सोडा, खुशाल सोडा. दुसऱ्या क्लबात जा, किंवा पाच जणांचा नवीन काढा, मोठमोठ्या क्लबांची सुरुवात तशीच झालीये. फक्त क्लबवरचा राग राष्ट्रीय संघटनेवर काढू नका, तिथली मेंबरशिप चालू ठेवा. अमेरिकेत एएमए सोडून इतरही संघटनांना मान्यता आहे, त्यात एफपीव्हीवाल्यांची सुद्धा आहे. जिथे पर्याय असेल तिथे तो वापरा. कुठेच नसणं हा मात्र पर्याय मला पटत नाही.

काका, मी नववीत आहे. माझं विमान २५० ग्रॅमच्या खाली आहे. मित्र म्हणतो याला काहीच नियम नाहीत. मग मला क्लब लागेल का? — छोटा पायलट

मित्राला सांग, २५० ग्रॅमखाली बऱ्याच देशांत नोंदणी लागत नाही, नियम लागतातच. अमेरिकेत हौशी लोकांसाठीची ती परीक्षा हलक्या विमानालाही द्यावी लागते, फुकट आहे आणि सोपी आहे. तुझ्या देशात काय आहे ते घरच्या मोठ्यांबरोबर बसून बघ.

क्लब तुला नियमासाठी नाही, बडी बॉक्ससाठी लागेल. म्हणजे दोन ट्रान्समीटर जोडलेले, एक तुझ्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या, आणि तू घाबरलास की तो एक स्विच सोडतो आणि विमान त्याच्या ताब्यात. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं ना, तिथे सगळे आपटतात, आणि तिथे तो स्विच तुझं विमान वाचवतो. ज्युनिअर मेंबरशिप बहुतेक ठिकाणी खूप कमी पैशात असते. विचार.

संपादक महाशय, आपण संघटनेची एवढी वकिली करता म्हणून विचारतो, सरकारला जे करायचं ते सरकार करतंच. संघटना फक्त पत्रं लिहितात आणि फोटो काढतात. एक तरी ठोस गोष्ट दाखवा जी संघटनेने जिंकली. — संशयात्मा

मी संपादक नाही, या पानाचा मजूर आहे. पण प्रश्न चांगला आहे, आणि एक नाही, तीन-चार दाखवतो.

आपल्या शेजारच्या छंदापासून सुरू करू, मॉडेल रॉकेट. मोठ्या रॉकेटमध्ये अमोनियम परक्लोरेटचं घट्ट इंधन वापरतात. अमेरिकेत स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या एटीएफ या खात्याने ते स्फोटकांच्या यादीत धरलं होतं, मग परवाने, साठवणुकीचे नियम, सगळं आलं. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन या दोन संघटना २००० साली कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, हे इंधन जळतं, स्फोट होत नाही, मोजून दाखवा. निकाल लागला मार्च २००९ मध्ये. नऊ वर्षं! आणि जिंकल्या, कोर्टाने म्हटलं की खात्याने आपलं म्हणणं नीट सिद्ध केलेलं नाही. आता मला सांगा, नऊ वर्षं वकिलाची फी कोण भरतो? कुणी एक श्रीमंत हौशी नाही, सभासदांच्या वर्गण्या आणि देणग्या. दरवर्षी कार्ड रिन्यू करणाऱ्या त्या माणसांपैकी कित्येकांनी ते मोठं इंधन कधी हातातही घेतलं नसेल.

युरोप बघा. तिथे २०१९ चा ९४७ क्रमांकाचा नियम ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाला, ड्रोनसाठी एकदम कडक, उंची १२० मीटर वगैरे. पण त्यात कलम १६ आहे, जे मॉडेल क्लब आणि संघटनांना त्यांच्या देशाच्या खात्याकडून वेगळी परवानगी घेऊन आपल्या पद्धतीने उडवू देतं. का दिलं? त्या नियमाच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की क्लब आणि संघटनांमधल्या उड्डाणांनी सुरक्षेची चांगली पातळी दाखवून दिली आहे. ती पातळी आकाशातून पडली नाही, दर शनिवार-रविवार फ्लाइट लाइनच्या मागे उभं राहायला लावणाऱ्या त्या कटकट्या सेफ्टी ऑफिसरने दाखवून दिलेली आहे. आणि त्याच नियमात ग्लायडरवाल्यांसाठी एक बारीकशी सवलत आहे जी मला फार आवडते. स्लोपवर, म्हणजे डोंगरउतारावर, उभं राहून ग्लायडर दरीत सोडला की जमिनीपासूनची उंची एका क्षणात १२० मीटरच्या वर जाते, तुम्ही काहीही न करता, कारण खालची जमीनच गायब होते. म्हणून १० किलोखालच्या ग्लायडरसाठी उंची पायलटपासून मोजायची असं ठरलं. डोंगरकड्यावर कधी ग्लायडर उडवलेला माणूस चर्चेत असल्याशिवाय ही ओळ नियमात येईल असं मला वाटत नाही.

ब्रिटनमध्ये तिथल्या संघटनेची मुळं १९२२ पर्यंत जातात, आणि तिथल्या संघटनांना मिळालेल्या परवानगीत साडेसात किलोखालचं मॉडेल ४०० फुटांच्या वर नेता येतं, विमानतळाच्या हद्दीबाहेर. एकट्यादुकट्या ड्रोनवाल्याला ते ४०० फुटांनाच थांबावं लागतं.

आणि जुनी गोष्ट, जी नवीन पिढीला माहीतच नाही. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ येण्याआधी आपण एका ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर उडवायचो, फील्डवर फळा असायचा, तुमच्या चॅनेलची क्लिप घेतल्याशिवाय ट्रान्समीटर ऑन करायचा नाही. दोघांनी एकच चॅनेल लावला की एक विमान खाली, विषय संपला. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झवर विमानांसाठी ५० चॅनेल होते, ११ पासून ६० पर्यंत, आणि गाड्या-बोटींसाठी वेगळे ७५ मेगाहर्ट्झवर. रेडिओ लहरींवर टीव्हीवाले, पेजरवाले, टॅक्सीवाले सगळे डोळा ठेवून असताना खेळण्यातल्या विमानांसाठी एवढा पट्टा राखून ठेवायला किती पत्रं लिहावी लागली असतील याचा अंदाज करा. संघटना पत्रं लिहितात हे बरोबर आहे तुमचं.

हरल्या नाहीत असं नाही. वर कलम ३३६ चं सांगितलंच. कधी उशिरा जाग्या होतात, कधी खात्याशी फारच गोड बोलतात, कधी मासिकात पदाधिकाऱ्यांचेच फोटो असतात. टीका कराच, पण सभासद राहून केलेल्या टीकेला मत असतं.

सर, माझी नजर आता साथ देत नाही, विमान लांब गेलं की वर आहे का खाली तेच कळत नाही. उडवणं थांबवलंय. मेंबरशिप चालू ठेवण्यात काही अर्थ? — जमिनीवरचा

अर्थ आहे, आणि तुमच्याकडून क्लबला जास्त मिळेल. स्पर्धेत जज लागतात, टाइमकीपर लागतात, नवीन पोरांचं विमान उडण्याआधी तपासायला अनुभवी बोटं लागतात. हिंजवर नख लावून ओढून बघायचं हे कुठल्या व्हिडिओत शिकवत नाहीत. आणि आवाजाचं काम घ्या हातात, प्लीज. कित्येक फील्ड अपघाताने जात नाहीत, शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारीने जातात. ब्रिटनच्या १९८२ च्या आचारसंहितेत मॉडेलसाठी ७ मीटरवर ८२ डेसिबल ही मर्यादा घातली होती, असा काही आकडा आणि एक मीटर घेऊन कुणीतरी पिट्समध्ये बसलं पाहिजे. तरुण मुलं मीटर घेऊन बसणार नाहीत, त्यांना उडवायचं असतं. तुम्ही बसलात तर शेजारी तक्रार घेऊन येईल त्यादिवशी क्लबकडे दाखवायला वही असेल.

फ्री फ्लाइटचाही विचार करा, रबर पॉवरची विमानं. बनवण्यात खरी मजा, सोडून दिल्यावर तुम्हाला काही करायचंच नसतं, आणणारा एक पोरगा बरोबर असला की झालं.

दादा, वर्गणी भरली. पुढे काय? पैसे द्यायची ऐपत एवढीच आहे, अजून मदत कशी करू? — नवीन मेंबर

तीन कामं, आणि तिन्ही फुकट.

खात्याने कुठल्या नियमाचा मसुदा काढून हरकती मागवल्या की लिहा, आणि स्वतःच्या शब्दांत लिहा. संघटनेने दिलेला नमुना जसाच्या तसा चिकटवलात तर एकसारख्या पत्रांचा एक गठ्ठा बांधला जातो आणि सगळ्यांना मिळून एकच उत्तर मिळतं. तुम्ही कुठलं मॉडेल उडवता, किती वजनाचं, कुठे, आणि मसुद्यातल्या अमुक कलमाने नेमकं काय बंद पडेल, एवढं दहा ओळींत पुरे. शिव्या नकोत, त्या वाचणारा माणूस बहुतेक तुमच्याच बाजूचा असतो.

दुसरं, क्रॅश झाला किंवा थोडक्यात वाचलं तर क्लबला लेखी कळवा, लाजू नका. फ्लायअवे झाला (विमान ताब्यातून सुटून निघून गेलं), लिपो पेटली, एखादं खरं विमान फील्डवरून फार कमी उंचीवर गेलं, सगळं. अशा नोंदी साठल्या की पुढच्या वेळी खात्यासमोर बोलायला आकडे असतात, 'आम्ही सुरक्षित आहोत हो' असं नुसतं म्हणावं लागत नाही.

तिसरं, वार्षिक सभेची नोटीस येईल, ती कचऱ्यात टाकू नका, जा. कोरमची अवस्था वर सांगितलीच आहे, आणि तिथे वर लिहिलेले 'पुन्हा येणार नाही' भेटले तर त्यांच्या एफपीव्हीच्या ठरावाला अनुमोदन द्यायला कुणीतरी हवंच असेल.